अर्ध्या वाटेवरून परतलेला शुभवर्तमानकार

चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत लहान शुभवर्तमान मार्काचे. अध्याय अवघे सोळा. शांतपणे बसून मोठ्याने वाचले, तर एका बैठकीत ते वाचून होते. त्यात वंशावळ नाही, जन्मकथा नाही, प्रदीर्घ प्रवचनेही फारशी नाहीत. आणि ज्याने ते लिहिले त्याने स्वतःचे नाव त्यात कोठेही घातलेले नाही. शीर्षकातील नाव मंडळीने प्राचीन काळापासून जपून ठेवले म्हणून ते आपणांपर्यंत आले.

हा मार्क कोण? नव्या करारात त्याचा नामोल्लेख प्रेषितांची कृत्ये, कलस्सैकरांस पत्र, फिलेमोनास पत्र, तीमथ्यास दुसरे पत्र आणि पेत्राचे पहिले पत्र एवढ्याच ठिकाणी येतो. सगळी वचने एकत्र लिहिली तर एक पान भरणार नाही. परंतु त्या थोड्या ओळींत एका मनुष्याच्या पतनाची आणि पुनःस्थापनेची संपूर्ण कथा सामावलेली आहे. आज ती कथा आपण क्रमाने पाहावी, अशी आपणांस विनंती आहे; कारण ती जितकी मार्काची आहे, तितकीच ती कोणत्याही मंडळीची आहे.

मरीयेचे घर

त्याची दोन नावे होती. योहान हे इब्री नाव घरचे. मार्क हे रोमी नाव व्यवहारातले. रोमी साम्राज्यातील अनेक यहूदी अशी दोन नावे धारण करीत. शौलाला पौल म्हणत, त्यातलाच हा प्रकार.

त्याची आई मरीया यरुशलेमेत राहत असे. तिच्या घराचे वर्णन लूकने प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात ओझरते केले आहे. घराला रस्त्याच्या बाजूस दरवाजा होता, दारावर जाणारी रुदा नावाची दासी होती, आणि बरेच विश्वासणारे एकत्र जमून प्रार्थना करू शकतील एवढी आत जागा होती. म्हणजे कुटुंब खाऊन-पिऊन सुखी होते. प्रभूने शेवटचे भोजन ज्या माडीवर केले ती याच घराची, अशीही एक जुनी परंपरा आहे. पवित्र शास्त्र तसे सांगत नाही. परंतु यरुशलेमेतील पहिल्या मंडळीचा राबता या घरी होता, एवढे मात्र निश्चित.

राजा हेरोद अग्रिप्पा पहिला याने योहानाचा भाऊ याकोब याचा वध करविला आणि पेत्राला तुरुंगात टाकले, ते दिवस आठवा. हा राजा इ. स. ४४ मध्ये मरण पावला. तेव्हा ही घटना त्याच सुमाराची. देवदूताने सुटका केल्यावर अपरात्री पेत्राची पावले वळली ती मरीयेच्या घराकडे. रुदाने आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार उघडण्याऐवजी ती आत धावली. पेत्र आपला दार ठोठावीतच राहिला! ज्या घरातील दासीसुद्धा पेत्राचा आवाज ओळखत होती, त्या घरात मार्क वाढत होता. पेत्राच्या तोंडून प्रभूच्या गोष्टी ऐकण्याची संधी त्याला घरीच मिळाली असली पाहिजे.

आणखी एक नाते लक्षात ठेवावे. मार्क हा बर्णबाचा भाऊ लागत होता. कलस्सैकरांच्या पत्रात त्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्यात चुलत, मामे, मावस व आते ही सर्व भावंडे येतात. आपल्या मराठीने नात्यांची इतकी बारीक वाटणी केली आहे की, येथे भाषांतरकाराने नेमका कोणता शब्द घ्यावा हा प्रश्नच पडतो. बर्णबा मूळचा कुप्र बेटावरचा लेवी. स्वतःचे शेत विकून त्याने पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवला होता. धीर देणारा, असा त्याच्या नावाचा अर्थ लूक सांगतो. आणि तो अर्थ त्याने आयुष्यभर सार्थ केला.

पिर्ग्याहून परत

दुष्काळाच्या काळात अंत्युखियाच्या मंडळीची मदत यरुशलेमेस पोहोचवून बर्णबा आणि शौल परत निघाले, तेव्हा त्यांनी मार्काला बरोबर घेतले. पुढे पवित्र आत्म्याच्या आज्ञेने ते दोघे सुवार्तेच्या पहिल्या फेरीवर निघाले, तेव्हाही मार्क त्यांचा साहाय्यक म्हणून बरोबर होता.

पहिला टप्पा कुप्र. पूर्वेकडील सलमीनी बंदरापासून पश्चिमेकडील पफे नगरापर्यंत त्यांनी सारे बेट ओलांडले. तेथील सुभेदार सिर्ग्य पौल याने विश्वास ठेवला. मार्काच्या दृष्टीने हा मुलूख अगदी परका नव्हता. बर्णबाची ती जन्मभूमी होती. परंतु पफेहून गलबत निघाले ते उत्तरेकडे, पंफुल्यातील पिर्ग्याकडे. पिर्ग्याच्या पाठीशी टॉरस पर्वताच्या रांगा उभ्या आहेत. पुढचे मुक्कामाचे ठिकाण होते पिसिदियातील अंत्युखिया. दीडशे किलोमीटरांच्या वर अंतर आणि समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंची. वाट डोंगरदऱ्यांची, नद्यांच्या पुराची आणि लुटारूंच्या भयाची. त्या वाटेच्या पायथ्याशी मार्क त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला.

लूकने ही घटना एका वाक्यात सांगितली आहे आणि कारण दिलेले नाही. टीकाकारांनी पुढे अनेक कारणे सुचविली: घरची ओढ, आजारपण, प्रवासाची भीती, किंवा बर्णबाच्या आधी पौलाचे नाव येऊ लागले याचा राग. पण वाचकहो, शास्त्राने जे झाकून ठेवले ते उकरून काढण्याची आपणांस काय गरज? एक तरुण सेवक अर्ध्या वाटेवरून परत गेला, एवढे पुरे आहे. त्याच्याशिवाय राहिलेले दोघे डोंगर चढून गेले. लुस्त्र येथे पौलाला दगडमार झाला, मेला असे समजून त्याला नगराबाहेर ओढून टाकण्यात आले. त्या वेळी मार्क यरुशलेमेत होता.

दोन वडीलधाऱ्यांचा तंटा

काही वर्षे गेली. यरुशलेमेची सभा झाली. विदेशी विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे ओझे घालू नये असे ठरले. त्यानंतर पौलाने बर्णबाला सुचविले की, आपण स्थापन केलेल्या मंडळ्यांची पुन्हा भेट घेऊ या. बर्णबा तयार झाला. मात्र मार्कालाही बरोबर घ्यावे, असा त्याचा आग्रह पडला. पौलाने नकार दिला.

येथे लूकची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. पिर्ग्याची घटना सांगताना त्याने केवळ निघून जाणे या अर्थाचे साधे क्रियापद वापरले होते. परंतु पौलाचे म्हणणे मांडताना तो वेगळे क्रियापद घेतो. कसोटीच्या वेळी विश्वासातून गळून पडणाऱ्यांविषयी हेच क्रियापद त्याच्या शुभवर्तमानात, पेरणाऱ्याच्या दाखल्यात, आलेले आहे. पौलाच्या मनाला ती गोष्ट किती लागली होती, हे या एका शब्दावरून कळते. मार्काचे परतणे त्याच्या लेखी साधे परतणे नव्हते. तो त्याग होता.

दोघांचा तंटा इतका विकोपाला गेला की ते एकमेकांपासून वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. पौलाने सीलाला निवडले आणि तो सूरिया व किलिकियाकडे गेला. लूकने हे लपविले नाही. पहिल्या मंडळीचे दोन आधारस्तंभ एका तरुणावरून भांडले, हे त्याने जसे घडले तसे लिहिले.

कोणाचे बरोबर होते? पौलाचा पक्ष हलका समजू नये. ज्या कामात जिवावर बेतते, त्या कामात अर्ध्यातून सोडून जाणारा सोबती घेणे म्हणजे इतरांचाही जीव धोक्यात घालणे. सेवेचे ओझे ज्यांनी वाहिले आहे त्यांना पौलाचे म्हणणे कळेल. पण बर्णबाचाही पक्ष पाहा. दमास्कसहून शौल प्रथम यरुशलेमेस आला, तेव्हा कोणीच त्याच्यावर विश्वास ठेवेना. तो शिष्य आहे हेच कोणाला खरे वाटेना. त्या वेळी त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेणारा हाच बर्णबा होता. ज्या बर्णबाने एके काळी शौलाची बाजू घेतली, तोच आता मार्काची बाजू घेत होता.

तंटा या अर्थी लूकने जे नाम वापरले, त्याच धातूपासून झालेले क्रियापद पौलाने पुढे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात वापरले आहे. प्रीती चिडत नाही, हे सांगताना त्याने तो शब्द घेतला. तो लिहिताना त्याला अंत्युखियाचा तो दिवस आठवला असेल काय?

पुन्हा पौलाजवळ

त्यानंतर सुमारे दहा-बारा वर्षे शास्त्रात मार्काचे नाव नाही. कुप्रात बर्णबाने त्याला कसे वागविले, काय शिकविले, हे लिहून ठेवलेले नाही. बर्णबाचेही नाव प्रेषितांच्या कृत्यांतून येथेच संपते. पुढचा सारा ग्रंथ पौलाच्या मागे जातो. परंतु बर्णबाच्या कामाचे फळ पौलाच्याच पत्रांतून आपणांपुढे येते.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस, बंदिवासातील पौल मार्काचा सलाम कळवितो. मार्काविषयी तुम्हांला आज्ञा मिळाल्याच आहेत, तो आला तर त्याचा स्वीकार करा, अशा आशयाचे तो लिहितो. सुंता झालेल्यांपैकी जे थोडे सहकारी आपल्याला सांत्वन ठरले, त्यांत तो मार्काला गणतो. ज्याला एके काळी बरोबर घेण्यास नकार दिला, त्याच्यासाठी आता पौल स्वतः शिफारस करतो!

याच पत्रात मार्काच्या नावाच्या थोडे आधी अनेसिमाचे नाव आहे. तो फिलेमोनाचा दास, धन्यापासून दुरावलेला. फिलेमोनास लिहिताना पौल म्हणतो की, पूर्वी निरुपयोगी असलेला हा मनुष्य आता तुला व मला उपयोगी झाला आहे. तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्कासाठी उपयोगी हाच ग्रीक शब्द आला आहे. त्या पत्रात मृत्यूची चाहूल आहे. हिवाळ्यापूर्वी ये, त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तके व चर्मपत्रे आण, असे पौल तीमथ्यास सांगतो. आणि येताना मार्कालाही घेऊन ये, कारण सेवेसाठी तो मला उपयोगी आहे, असे कळवितो.

वाचकहो, तेथे देमासाचाही उल्लेख आहे. फिलेमोनास लिहिलेल्या पत्रात मार्क आणि देमास ही दोन्ही नावे एकाच ओळीत सहकारी म्हणून आलेली होती. आता देमास ऐहिक सुखाच्या ओढीने पौलाला सोडून गेला आहे आणि पूर्वी सोडून गेलेल्या मार्काला बोलावणे पाठविले आहे. म्हणून कोणत्याही सेवकाच्या जीवनाचे पुस्तक मधल्याच पानावर मिटून त्यावर शेरा लिहू नये.

पेत्राचा दुभाषी

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस पेत्र मार्काला आपला पुत्र म्हणतो. ते पत्र बाबेलातून लिहिले आहे. बाबेल म्हणजे रोम असे बहुतेक अभ्यासक मानतात. मरीयेच्या दारावर ठोठावणारा पेत्र आणि त्या घरातला मुलगा, असे दोघे पुन्हा एकत्र आले.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी आशिया प्रांतातील हेरापली येथे पपायस नावाचा बिशप होता. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु इतिहासकार युसेबियस याने त्यातील उतारे जपून ठेवले आहेत. पपायसाच्या सांगण्याप्रमाणे मार्क हा पेत्राचा दुभाषी होता. प्रभूची वचने व कृत्ये पेत्राकडून जशी ऐकली तशी त्याने अचूक लिहिली, क्रमाने मात्र लिहिली नाहीत. काही गाळू नये व काही खोटे येऊ नये एवढीच काळजी त्याने घेतली. आयरेनियसच्या मते पेत्र व पौल यांच्या मृत्यूनंतर मार्काने हे लेखन केले.

शुभवर्तमानाची भाषा या परंपरेशी जुळणारी आहे. प्रभूच्या मुखातील अरामी शब्द मार्क तसेच ठेवतो आणि लगेच ग्रीकमध्ये त्यांचा अर्थ सांगतो. याइराच्या मुलीला उठविताना तलीथा कूम, बहिऱ्याचे कान उघडताना इप्फाथा, गेथशेमाने बागेत अब्बा: हे शब्द आजही आपल्या मराठी शास्त्रात तसेच आहेत. विधवेची दोन लहान नाणी सांगताना रोमी नाण्यात त्यांची किंमत किती होते, हेही तो सांगतो. त्यावरून रोमी वाचक त्याच्या डोळ्यांपुढे होते असे दिसते. लागलेच, तत्काळ या अर्थाचा शब्द तो चाळीसच्या आसपास वेळा वापरतो. शैलीसाठी भाषांतरकाराला तो काही ठिकाणी गाळण्याचा मोह होतो. परंतु तो गाळला की पेत्राच्या बोलण्याची घाई आणि धाप हरवते.

पळून गेलेल्यांचे शुभवर्तमान

आता या शुभवर्तमानात पेत्र कसा दिसतो ते पाहा. पेत्र पाण्यावरून चालला ही गोष्ट मत्तयाने सांगितली, मार्काने नाही. स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या पेत्राला देण्याचे वचन मत्तयात आहे, मार्कात नाही. परंतु प्रभूने पेत्राला सैतान म्हणून धमकावले ते मार्काने ठेवले आहे. अंगणातील शेकोटी, दासीचा प्रश्न, कोंबड्याचे आरवणे, शपथा आणि शेवटचे रडणे हे सारे त्याने ठेवले आहे. ही हकिगत मूळची पेत्राचीच असेल, तर स्वतःची थोरवी गाळून स्वतःचे पतन सांगणारा हा केवढा साक्षीदार!

प्रभूला अटक झाली त्या रात्री सर्व शिष्य पळून गेले. त्या ठिकाणी मार्क एक चमत्कारिक तपशील देतो, जो दुसऱ्या कोणत्याही शुभवर्तमानात नाही. अंगावर केवळ तागाचे वस्त्र असलेला एक तरुण प्रभूच्या मागे चालला होता. शिपायांनी त्याला धरले, तेव्हा वस्त्र त्यांच्या हाती टाकून तो उघडाच पळून गेला. हा तरुण मार्क स्वतःच असावा, असे अनेकांनी मानले आहे. सिद्ध करता येणार नाही; पण असे असेल, तर या ग्रंथावर मार्काने केलेली ती एकमेव स्वाक्षरी होय.

सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन प्रतींत, हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबते. स्त्रिया भयभीत होऊन कबरेपासून पळून जातात, तेथेच लेखणी थांबते. नवव्या वचनापासूनचा मजकूर नंतर जोडला गेला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणून अनेक आधुनिक आवृत्त्यांत तेथे कंस किंवा टीप असते. पळून जाण्याचे एकच ग्रीक क्रियापद शिष्यांविषयी, त्या तरुणाविषयी आणि या स्त्रियांविषयी आले आहे. सारेच पळाले.

पण त्या स्त्रियांना कबरेत जो निरोप मिळाला, तो ऐका. शिष्यांना सांगा की प्रभू तुमच्यापुढे गालीलात जात आहे, हा निरोप मत्तयातही आहे. मार्कात मात्र दोन शब्द अधिक आहेत: आणि पेत्राला. शिष्य म्हटल्यावर पेत्र त्यात आलाच होता. मग वेगळे नाव कशासाठी? आपण आता शिष्यांत मोडत नाही, असे ज्याला वाटत असेल, त्याच्यासाठी. ते दोन शब्द पेत्राला किती मोलाचे होते हे पेत्र जाणत होता. आणि ते लिहून ठेवणारा पिर्ग्याहून परतलेला मार्क होता.

इ. स. ६४ मध्ये रोम शहर जळाले आणि नीरो बादशहाने ख्रिस्ती लोकांवर दोष ठेवून त्यांचा छळ केला. या शुभवर्तमानाचे लेखन बहुतेक अभ्यासक त्याच सुमारास, किंवा यरुशलेमेचा नाश झाला त्या इ. स. ७० च्या आगेमागे धरतात. छळात कोणी प्राण दिले असतील, कोणी भयाने मागे फिरले असतील. अशा मंडळीच्या हाती हे शुभवर्तमान पडले, तेव्हा मागे फिरलेल्यांना त्यात आपल्यासाठीही निरोप सापडला असेल.

मंडळीने ठेवलेली आठवण

पुढे मिसर देशातील आलेक्सांद्रिया येथे मार्काने मंडळी स्थापिली, असे युसेबियस नमूद करतो. कॉप्टिक मंडळी त्याला आपला पहिला पेट्रिआर्क आणि हुतात्मा मानते. इ. स. ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या म्हणून मानलेल्या अस्थी आलेक्सांद्रियेहून नेल्या. १९६८ मध्ये पोप सहावे पौल यांनी त्यांतील काही अंश कॉप्टिक मंडळीला परत केला आणि तो कैरो येथील नव्या कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आला. २५ एप्रिल हा त्याच्या स्मरणाचा दिवस पूर्वेकडील व पश्चिमेकडील अनेक मंडळ्या पाळतात.

त्याच्या ग्रंथाचे भाग्यही त्याच्यासारखेच. संत ऑगस्टीनने मार्काला मत्तयाच्या मागून जाणारा व त्याचा संक्षेप करणारा मानले. शतकानुशतके हे शुभवर्तमान दुय्यम समजले गेले. मग १८३० नंतरच्या दशकात जर्मन अभ्यासकांनी बारकाईने तुलना केली आणि मार्काचेच शुभवर्तमान आधीचे, मत्तय व लूक यांनी त्याचा आधार घेतला, असे प्रतिपादन केले. आज बहुसंख्य अभ्यासकांना ते मान्य आहे. संक्षेप म्हणून बाजूला ठेवलेला दगड पाया ठरला.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीतही कोणी मार्क असेल. सेवेस गेलेला आणि वर्षभरात परतलेला तरुण असेल. संडे स्कूल मध्येच सोडलेली शिक्षिका असेल. एका चुकीमुळे नाव पुसले गेलेला वडीलजन असेल. त्याच्याविषयी पौलासारखे कठोर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांचे कारण कदाचित खरेही असेल. पण त्याला बरोबर घेऊन कुप्रास जाणारा बर्णबा आहे काय? बर्णबाने एक शब्दही लिहून ठेवला असे नव्या करारात कोठे दिसत नाही. परंतु त्याने त्या दिवशी मार्काचा हात सोडला असता, तर पौलाला अखेरच्या दिवसांत मार्काची वाट पाहता आली नसती.

आणि आपणच मार्क असाल, तर सोळावा अध्याय पुन्हा उघडा. पेत्राच्या नावाच्या जागी आपले नाव घालून तो निरोप वाचा. गालीलाची वाट अजून खुली आहे, आणि प्रभू आपल्यापुढे तेथे गेलेला आहे.